रकाना कोण आखतो?

परवा एका सभेत सुटाबुटातला साहेब सांगत होता, डेटा म्हणजे नवं तेल. टाळ्या पडल्या. त्याच वेळी माझा धाकटा भाऊ भर पावसात गाडीवरून कुणाचं तरी जेवण पोचवत होता. त्याचं प्रत्येक वळण, प्रत्येक उशीर कंपनीच्या अ‍ॅपला ठाऊक. त्यावरूनच कंपनी ठरवते, कुठं किती पोरं लागतील, कुठं रेट पाडता येईल. याला म्हणायचं नवनिर्मिती. गाडी घसरून त्याचा पाय मोडला, तेव्हा आयडी ब्लॉक झाली. कारण एकच : गैरहजर. मोडलेल्या पायाला रकानाच नव्हता.

दोस्तांनो, मी यंत्राच्या विरोधात नाही. यूपीआय आलं २०१६ साली. ऑगस्ट २०२३ च्या एका महिन्यात त्यावर १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भाजीवाल्या मावशीचे दहा रुपयेसुद्धा नोंदले गेले. म्हणजे मोजायची अक्कल या देशाला आहे.

मग आमच्यापाशी आल्यावरच हात का अडखळतो? देशभरच्या सगळ्या जातींचे आकडे छापून आले ते शेवटचे १९३१ च्या जनगणनेचे. २०११ साली सामाजिक-आर्थिक जातगणना केली. गरिबीचे आकडे छापले, जातीचे दाबून ठेवले. जुलै २०२१ मध्ये सरकार राज्यसभेत म्हणालं, हाताने मैला साफ करताना कुणी मेल्याची नोंद नाही. आणि गटारात गुदमरून मेले ते? ते दुसऱ्या रकान्यात : 'धोकादायक सफाई'. माणूस तोच, मरण तेच. रकाना बदलला की व्यवस्थेचे हात धुतलेले!

आकडा काय करतो ते बिहारने दाखवलं. २०२३ मध्ये तिथली जातगणना जाहीर झाली. मागास आणि अतिमागास मिळून ६३ टक्के, अनुसूचित जाती १९ टक्क्यांवर. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने जातींचं आरक्षण ६५ टक्क्यांवर नेलं. २०२४ मध्ये पाटणा हायकोर्टाने ते रद्द केलं, ही गोष्ट वेगळी. पण आकडा बाहेर आला आणि खुर्च्या हलल्या. म्हणून तर ते आकड्याला भितात.

३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. तेवढ्यावर खूश होऊन घरी बसू नका. मोजतील आणि पुन्हा दाबतील. जमीन कुणाच्या नावावर, झाडू कुणाच्या हातात, हे जातीसमोर मांडून छापा, असं ठणकावून मागा. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांनो, तुम्ही नुसते आकडे भरणारे कारकून होऊ नका.

आजवर आम्ही त्यांच्या रकान्यात मेलो. आता रकाने आम्ही आखू.