फेरतपासणी कोणाची ?

अपंगत्वाच्या दाखल्यांची तपासणी हा विषय गेली दोन वर्षे महाराष्ट्रात सतत गाजत आहे. २०२४ साली एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून जे वादळ उठले, त्यात आमच्या या औद्योगिक नगरीचेही नाव देशभर झाले. महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाने २०२२ मध्ये दिलेला अवघ्या सात टक्क्यांचा एक दाखला त्या प्रकरणात चर्चेस आला होता. पुढे २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची पडताळणी हाती घेतली. खोट्या दाखल्यावर नोकरी बळकावणारा मनुष्य एखाद्या खऱ्या अपंगाच्या तोंडचा घास काढून घेत असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ९१ व्या कलमात अशा लबाडीस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. ती अमलात यावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

पण तपासणीचा हा वरवंटा फिरू लागला की तो प्रथम कोणाच्या अंगावरून जातो, याचाही विचार व्हावयास हवा. ज्याच्यापाशी वकील आहे, ओळख आहे, मोटार आहे, तो चौकशीस तोंड देऊ शकतो. ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही, तो खिडकीपुढे उभा राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार शासनाच्या मनात नसला तरी कागदांच्या रीतीत तो अनेकदा घडून जातो.

पिंपळे सौदागरचेच उदाहरण घ्या. पवनेकाठचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. आज शिवार चौकापासून कोकणे चौकापर्यंत नजर टाकावी तो उंच इमारतींवाचून दुसरे काही दिसत नाही. परंतु या इमारतींत धुणेभांडी करणाऱ्या स्त्रिया, रात्रीचे रखवालदार, इस्त्रीवाले, भाजीवाले हेही याच शहराचे नागरिक आहेत आणि त्यांच्या घरांतही जन्मतः बहिरे मूल, अर्धांगाने जखडलेला बाप, दृष्टी गेलेली आई असते. या कुटुंबांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार असतो. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेतून मिळणारी रक्कम २०२३ मध्ये दरमहा दीड हजार रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती अडीच हजारांवर नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. वाढ स्वागतार्ह आहे. मात्र ती मिळण्यासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजार रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला सुमारे चार हजार एकशे सदुसष्ट रुपये ! या शहरात एवढ्या पैशांत एका खोलीचे भाडे देऊन वर पोट भरणारे कुटुंब कोणी आम्हांस दाखवावे.

आणि हे एकदा सिद्ध करून भागत नाही. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते, या गोष्टी पुन्हा पुन्हा मागितल्या जातात. २०२४ च्या अखेरीपासून अनुदान थेट खात्यात जमा होऊ लागले. त्यामुळे मध्यस्थांचे हात दूर झाले, हे चांगलेच झाले. पण ज्याची बोटे झिजली आहेत त्याचा ठसा यंत्राला उमटत नाही, ज्याची बुबुळे स्थिर राहत नाहीत त्याचे डोळे यंत्राला ओळखू येत नाहीत, आणि यंत्राने न ओळखलेल्या माणसाचे अनुदान खुंटते. अपंगत्वामुळे जी मदत मिळावयाची, ती अपंगत्वामुळेच अडावी, याहून दुर्दैवी विसंगती कोणती ?

फेरतपासणीचा अर्ज हा वरवर साधा कागद दिसतो. पण तो भरताना माणसाच्या मनावर काय ओढवते, हे आमच्या सुशिक्षित वाचकांनी क्षणभर ध्यानात घ्यावे. आपल्या समाजात दुःख झाकून ठेवणे हे कुलीनतेचे लक्षण मानले जाते. “कसे काय चालले आहे ?” असे विचारले तर मरणपंथास लागलेला मनुष्यही “ठीक आहे” असेच उत्तर देतो. अर्जातला प्रश्न नेमका या स्वाभिमानावर बोट ठेवतो. जिना चढता येतो काय ? येतो, असे तो लिहितो. परंतु चार पायऱ्यांनंतर बसावे लागते आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, हे लिहिण्यास कागदावर जागा नसते आणि सांगण्यास जीभ धजत नाही. परिणामी अर्ज भरणाऱ्याचा सर्वांत बरा दिवस कागदावर उतरतो व उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हिशेबाबाहेर राहतात. याउलट खरे खरे सर्व लिहावे, तर स्वतःच्या असहायतेची यादी स्वतःच्याच हाताने करावी लागते. ही यादी दरवर्षी करावयास लावणे हा सुसंस्कृत राज्यकारभार नव्हे.

येथे कायदा मात्र प्रशासनाइतका निष्ठुर नाही. २०१७ च्या नियमांत स्पष्ट भेद केला आहे. ज्या अपंगत्वात पुढे बदल होण्याचा संभव नाही त्याचा दाखला कायमचा द्यावयाचा. बदल संभवतो तेथे मुदत घालावयाची. तुटलेला पाय पुन्हा उगवत नाही व जन्मांधास वार्षिक तपासणीने दृष्टी येत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. मग वैद्यकीय मंडळाने कायम ठरविलेल्या माणसास नवे कार्ड, नवी नोंदणी, नवी पडताळणी अशा नावांनी पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत का पाठवावे ? २०२४ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. तीत दाखला देण्याची मुदत एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची करण्यात आली, आणि दोन वर्षे निर्णयावाचून राहिलेला अर्ज निष्क्रिय समजण्याची तरतूद आली. मुदत वाढली ती कचेरीची. धीर वाढवावयाचा तो मात्र अर्जदाराने!

टक्केवारीचे गणितही असेच विचार करावयास लावणारे आहे. चाकणपासून चिंचवडपर्यंतच्या कारखान्यांत प्रेसखाली बोटे गमावलेले कामगार थोडे नाहीत. कामगार राज्य विमा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के व संपूर्ण तर्जनी गेली तर चौदा टक्के घटली, असे धरतात. विम्याचा लाभ त्या प्रमाणात मिळतो. दिव्यांग अधिनियमाचे लाभ मात्र बहुतांशी चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्यापलीकडे सुरू होतात. एक कायदा कमाई मोजतो, दुसरा शरीर मोजतो; पण जोडारीचे काम करणाऱ्या माणसाचा अंगठा गेल्यावर त्याने यापुढे नेमके काय करून जगावे, हे या दोन्ही मोजमापांत सापडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दृष्टी दिली. नुसत्या टक्केवारीवरून विद्यार्थ्यास अपात्र ठरवू नये, तो काय करू शकतो हे मंडळाने पाहावे आणि कारणे नोंदवावीत, असे न्यायालयाने सांगितले. प्रवेशास लागू पडणारे हे तत्त्व अनुदानास का लागू पडू नये ?

परदेशांचा दाखला द्यावयाचा तर ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथे २०१३ पासून नव्या अपंग भत्त्यासाठी लोकांची नव्याने तपासणी झाली. ज्यांचा लाभ नाकारला गेला त्यांपैकी जे न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले, त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या बाजूने निकाल लागले. ज्यांचा आजार तीव्र व आजन्म आहे त्यांना काम करण्याच्या क्षमतेच्या फेरतपासणीतून २०१७ साली वगळावे लागले. श्रीमंत राष्ट्राने ठेच खाऊन जे शिकले, ते आपण ठेच न खाता शिकण्यास काय हरकत आहे ?

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. ज्याचे अपंगत्व कायम ठरले आहे त्यास, लबाडीचा सकारण संशय असल्याखेरीज, पुन्हा वैद्यकीय तपासणीस बोलावू नये. मृत्यूची नोंद महानगरपालिकाच करते. तेव्हा कोण मरण पावले हे शासनाने आपल्याच दप्तरातून शोधावे, जिवंत माणसाने दरवर्षी आपण जिवंत असल्याचा पुरावा देत फिरू नये. फेरतपासणी चालू असेतो अनुदान थांबवू नये. नाकारावयाचे असल्यास लेखी व सकारण नाकारावे, कारण अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने दिलेला अपिलाचा हक्क तोंडी नकारावर बजावता येत नाही. जो अंथरुणास खिळला आहे त्याच्या घरी कर्मचाऱ्याने जावे. महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत. तेथे आठवड्यातील एक दिवस केवळ या अर्जांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. उत्पन्नाची पन्नास हजारांची मर्यादा तर आजच्या महागाईत हास्यास्पद झाली आहे. ती तातडीने वाढवावी.

नागरिकांचेही याबाबतीत काही कर्तव्य आहे. पिंपळे सौदागरच्या गृहनिर्माण संस्थांतून निवृत्त बँक अधिकारी, शिक्षक, अभियंते मोठ्या संख्येने राहतात. कचेरीची भाषा त्यांना चांगली अवगत आहे. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईच्या अपंग मुलाचा अर्ज नीट वाचून भरून देणे, त्यात बऱ्या दिवसाबरोबर वाईट दिवसाचेही वर्णन लिहविणे, डॉक्टरांकडून निव्वळ रोगाचे नाव न घेता त्या रोगामुळे काय करता येत नाही हे लिहून घेणे, प्रत्येक कागदाची प्रत ठेवणे आणि अर्ज दिल्याची शिक्क्यासह पोच मागणे, एवढे त्यांनी केले तरी कितीतरी अनुदाने वाचतील. पोच नसलेला अर्ज हा सरकारदरबारी न दिलेलाच अर्ज होय, हे अनुभवी माणसाला सांगावयास नको.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर कायद्याने मानलेले अपंगत्वाचे प्रकार एकवीस झाले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये या वर्गासाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करून महाराष्ट्राने मोठेपणा मिळविला. ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ हा गौरवाचा शब्द आला. हा गौरव खरा करावयाचा असेल तर शासनाने फेरतपासणीचा आरंभ स्वतःच्या अर्जापासून, स्वतःच्या खिडकीपासून व स्वतःच्या नियमांपासून करावा. लबाड शोधण्याचे काम सरकारचे आहे. त्याचे ओझे ज्यांना स्वतःचे शरीरच पेलत नाही अशांच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार त्यास कोणीही दिलेला नाही.