विश्लेषण : इमारतींवर खुली चर्चा, माणसांवर बंद दाराआड… विद्यापीठाचे नियामक मंडळ निर्णय कसे घेते?

मार्च २०२२. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात नव्या वर्षाच्या प्रवेशाची पत्रे पाठवण्याची घाई सुरू होती. नेमक्या त्याच वेळी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थिसंख्या गोठवण्याचा आदेश कायम ठेवला आणि सुमारे तीन हजार जागा एका फटक्यात कमी करण्याची वेळ विद्यापीठावर आली. कारण गुणवत्तेचे नव्हते, पैशांचेही नव्हते. ते होते २००५ साली नियामक मंडळाने मंजूर केलेल्या एका आराखड्यात. २०२० पर्यंत बर्कलीत ३३,४५० विद्यार्थी असतील, असा अंदाज त्यात बांधला होता. प्रत्यक्षात हा आकडा ४२ हजारांच्या पुढे गेला. वाढलेल्या विद्यार्थ्यांमुळे घरभाडे, वाहतूक आणि गोंगाटावर काय परिणाम झाला हे तपासलेच नाही, असे म्हणत शेजारच्या रहिवाशांनी दावा ठोकला आणि तो जिंकला.

मंडळाच्या बैठकीत मंजूर झालेला एक कागद सतरा वर्षांनी हजारो मुलांच्या प्रवेशाच्या आड कसा येतो, हे समजून घ्यायचे तर हे मंडळ चालते कसे ते पाहावे लागते.

हे मंडळ म्हणजे नेमके कोण?

कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना १८६८ची. आज त्याची दहा संकुले आहेत. या सगळ्यांवर एकच मंडळ आहे, ‘रीजंट्स’. सदस्य २६. त्यातील १८ जणांना राज्याचा गव्हर्नर बारा वर्षांसाठी नेमतो, सात जण पदसिद्ध असतात आणि एक विद्यार्थी असतो. विद्यार्थी प्रतिनिधीची मुदत एक वर्षाची, पण त्याला मत आहे. पदसिद्धांमध्ये खुद्द गव्हर्नर, विधानसभेचे अध्यक्ष आणि विद्यापीठाचे प्रेसिडेंट येतात.

शब्दांचा एक घोळ इथेच सोडवलेला बरा. आपल्याकडे चॅन्सलर म्हणजे कुलपती, म्हणजेच राज्यपाल. तिथे प्रत्येक संकुलाच्या प्रमुखाला चॅन्सलर म्हणतात आणि तो मंडळाला उत्तरदायी असतो. सर्व संकुलांचा मिळून प्रमुख म्हणजे प्रेसिडेंट. त्यालाही मंडळच नेमते आणि मंडळच काढू शकते.

या मंडळाचे बळ राज्यघटनेतून आले आहे. कॅलिफोर्नियाच्या घटनेने विद्यापीठाच्या कारभाराचे पूर्ण अधिकार रीजंट्सना दिले असून विधिमंडळाच्या हस्तक्षेपाला मोजकीच जागा ठेवली आहे. बारा वर्षांची मुदतही त्यासाठीच. गव्हर्नर बदलला म्हणून मंडळ लगेच बदलत नाही.

संकुलाचा आराखडा कसा मंजूर होतो?

प्रत्येक संकुल आपला दीर्घकालीन विकास आराखडा तयार करते. किती विद्यार्थी येतील, किती वसतिगृहे लागतील, कुठल्या जमिनीवर काय उभे राहील, हे त्यात असते. सोबत पर्यावरणीय परिणाम अहवाल जोडावा लागतो. राज्याचा १९७०चा पर्यावरण गुणवत्ता कायदा, तिथल्या बोलीत ‘सीक्वा’, तशी सक्ती करतो. मसुदा लोकांसमोर ठेवायचा, हरकती मागवायच्या, त्यांना लेखी उत्तरे द्यायची आणि मग सारे रीजंट्सपुढे न्यायचे. बैठकीची विषयपत्रिका दहा दिवस आधी जाहीर होते. बैठकीत नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो. तो अगदी थोडा असतो, पण असतो.

स्थानिक पालिकेचे झोनिंगचे नियम विद्यापीठाला त्याच्या शैक्षणिक कामासाठी लागू होत नाहीत. म्हणजे शहराच्या मधोमध बहुमजली वसतिगृह बांधायचे तर नगरपालिकेचा परवाना लागत नाही. त्यामुळे शहराच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात उरते ते पर्यावरण अहवालातील त्रुटी शोधून न्यायालयात जाणे. तिथले खटले पर्यावरणाचे कमी आणि शेजारपणाचे जास्त का वाटतात, याचे उत्तर इथे आहे. बर्कली शहराशीही असाच वाद होता. जुलै २०२१ मध्ये तो मिटला आणि विद्यापीठाने १६ वर्षांत ८ कोटी २६ लाख डॉलर शहराला देण्याचे कबूल केले.

विद्यार्थिसंख्येचा पेच मात्र विधिमंडळाने सोडवला. न्यायालयाचा निर्णय आला ३ मार्चला. १४ मार्चला दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा बदलला आणि गव्हर्नरने त्याच दिवशी सही केली. अकरा दिवसांत कायदा बदलतो, हे पाहून अनेकांनी रहिवाशांना खलनायक ठरवले. पण आकडा हाताबाहेर जात असताना आराखडा वर्षानुवर्षे तसाच ठेवणाऱ्या विद्यापीठाची आणि त्याच्या मंडळाची जबाबदारी त्याने कमी होत नाही. प्रवेश वाढवण्याचा निर्णय एका टेबलावर आणि वसतिगृहांचा दुसऱ्या टेबलावर, ही गत फक्त कॅलिफोर्नियाचीच आहे असेही नाही.

पीपल्स पार्कचे प्रकरण इतके का गाजले?

कारण त्यात रक्त सांडले होते. बर्कली संकुलाजवळची जेमतेम २.८ एकरांची ही जागा विद्यापीठाने १९६७ मध्ये सक्तीने संपादित केली, घरे पाडली आणि पुढे पैशांअभावी तशीच सोडून दिली. एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थी आणि रहिवाशांनी तिथे झाडे लावून उद्यान केले. १५ मे रोजी विद्यापीठाने कुंपण घातले, आंदोलन पेटले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेम्स रेक्टर हा तरुण जखमी होऊन नंतर मरण पावला. तेव्हापासून त्या जमिनीवर काहीही बांधणे म्हणजे जुनी जखम उघडी करणे ठरले.

रीजंट्सनी सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे सुमारे ११०० विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बेघरांसाठी वेगळी घरे असा प्रकल्प मंजूर केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो अडवला. विद्यार्थ्यांच्या रात्रीच्या पार्ट्यांचा आवाज आणि पर्यायी जागा या दोन्हींचा विचार अहवालात झाला नाही, असा ठपका होता. पुन्हा विधिमंडळ धावले. घरांत राहणाऱ्या माणसांचा आवाज हा प्रदूषणाचा मुद्दा ठरणार नाही, असा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने जागेभोवती मालवाहू कंटेनरची भिंतच उभी केली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याच्या आधारे एकमताने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. मंजुरी ते अंतिम निकाल, पावणेतीन वर्षे.

खुल्या प्रक्रियेने हा वेळ खाल्ला, हे खरेच. पण सांता बार्बारा संकुलातील मंगर हॉलचे काय झाले तेही पाहावे. गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी २० कोटी डॉलर देऊ केले. अट ही की इमारत त्यांच्याच आराखड्याप्रमाणे व्हावी. साडेचार हजार विद्यार्थी, अकरा मजले आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही! ऑक्टोबर २०२१ मध्ये आराखडा समितीवरील सल्लागार वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी राजीनामा दिला. त्यांचे पत्र बाहेर आले आणि प्रकल्प जगभर चेष्टेचा विषय झाला. २०२३ मध्ये विद्यापीठाने तो बाजूला ठेवून घरांसाठी नवे प्रस्ताव मागवले. आराखड्याची छाननी उघडपणे होत नसती, तर त्या बिनखिडकीच्या खोल्यांत आज मुले राहत असती.

माणसांचे निर्णय बंद दाराआड का?

नेमणूक, कामगिरीचे मूल्यमापन, बडतर्फी यांवर रीजंट्स बंद बैठकीत चर्चा करू शकतात. कायदाच तशी मुभा देतो. हेतू सरळ आहे. एखाद्यावर आरोप झाले असतील आणि ते खोटे ठरले, तर चारचौघांत झालेली बदनामी पुसता येत नाही. अर्ज केलेल्या पण न निवडलेल्या उमेदवारांचेही तेच.

पण बंद दाराचा फायदा कोणाला झाला, हेही इतिहास सांगतो. २००५ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले की विद्यापीठातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना पगाराव्यतिरिक्त भत्ते, बोनस आणि इतर लाभ मिळत होते आणि त्यातील बरेचसे जाहीरच झाले नव्हते. चौकशा झाल्या, लेखापरीक्षण झाले, नियम कडक झाले. आता बड्या अधिकाऱ्यांच्या नियुक्तीवर चर्चा बंद खोलीत होते, मात्र पगारावरचे मतदान खुल्या बैठकीत. खासगीपण माणसाचे, तिजोरी लोकांची. ही विभागणी हुशारीची आहे.

आणि राजकीय दबाव?

तो दाराला जुमानत नाही. १९४९ मध्ये रीजंट्सनी प्राध्यापकांवर कम्युनिस्टविरोधी निष्ठेची शपथ लादली. नकार देणाऱ्या ३१ जणांना १९५० मध्ये काढण्यात आले. त्यात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन होते. ते न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये जिंकले. पुढे बर्कलीत त्यांच्याच नावाची इमारत उभी राहिली. भूकंपात टिकणार नाही म्हणून ती २०१९ मध्ये पाडली, हा भाग वेगळा.

जानेवारी १९६७ मध्ये रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाले आणि त्याच महिन्यातील बैठकीत मंडळाने प्रेसिडेंट क्लार्क केर यांना १४ विरुद्ध ८ मतांनी दूर केले. विद्यार्थी आंदोलनांबाबत केर मवाळ आहेत, हा राग होता. पदसिद्ध सदस्य म्हणून रेगन यांचेही मत त्यात होते. १९६९ मध्ये लॉस एंजेलिस संकुलात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अँजेला डेव्हिस यांना कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य म्हणून काढले. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. मग पुढच्या वर्षी त्यांची भाषणे प्रक्षोभक असल्याचे कारण देत मंडळाने त्यांची मुदतच वाढवली नाही. विभागाला त्या हव्या होत्या. संकुलप्रमुखाचाही विरोध नव्हता.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान दिसते. प्राध्यापकाची पारख सहसा त्याचे सहकारी करतात. त्यासाठी तिथे प्राध्यापकांची स्वतंत्र सिनेट आहे. नेमणूक आणि बढतीच्या शिफारशी तिच्या समित्या करतात, संकुलप्रमुख त्यावर निर्णय देतो आणि मंडळ बहुतेक वेळा त्यात पडत नाही. केर तर प्राध्यापक म्हणून नव्हे, प्रमुख म्हणून गेले. पण तिथेही कामगिरीपेक्षा निवडणुकीचा निकाल बोलला. मंडळाने हात घातला की प्रकरण न्यायालयात तरी गेले किंवा इतिहासाच्या पुस्तकात तरी.

महाराष्ट्रात याच्या जवळचे काय?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार हे काम व्यवस्थापन परिषदेकडे येते. कुलगुरू तिचे अध्यक्ष, कुलसचिव सचिव. म्हणजे ज्यांच्या कामावर परिषदेने लक्ष ठेवायचे, बैठकही तेच चालवतात. कॅलिफोर्नियात प्रेसिडेंट हे मंडळाचे सदस्य असतात, पण अध्यक्ष दुसरा असतो. तातडीच्या प्रसंगी कुलगुरू स्वतः निर्णय घेऊन तो नंतर परिषदेला कळवू शकतात, अशीही तरतूद आहे.

बृहत आराखडा हा शब्द आपल्याकडे वारंवार ऐकू येतो, पण तो संकुलाचा आराखडा नव्हे. पाच वर्षांसाठी नवी महाविद्यालये आणि अभ्यासक्रम कुठे लागतील याचे ते नियोजन असते. संकुलात इमारत कुठे उठणार हा वेगळा विषय. प्राध्यापकांबाबत परिषदेचे हात आणखी बांधलेले आहेत. नवे पद निर्माण करायचे तर राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. जमीन विकायची किंवा भाड्याने द्यायची तरीही लागते. त्यामुळे रिक्त पदांसाठी व्यवस्थापन परिषदेला जाब विचारला जातो, तेव्हा चावी बऱ्याचदा मंत्रालयात असते.

परिषदेची बैठक नागरिकांसमोर घेण्याची सक्ती इथे नाही. झालेल्या बैठकीचे इतिवृत्त काही विद्यापीठे संकेतस्थळावर टाकतात. जिथे टाकत नाहीत, तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करायचा आणि तीस दिवस वाट पाहायची. तोवर ठरावाची अंमलबजावणी सुरूही झालेली असू शकते.