आत्याच्या पर्समधली बाटली

आत्याचा स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला, त्याला आता दीड वर्ष होईल. रात्री कूस बदलली की तिला जाग यायची, मग उजाडेपर्यंत ती उशीला टेकून बसायची. धाकट्या मुलानं तिच्यासाठी विजयाचं तेल मागवलं. विजया म्हणजे भांग, गांजाचंच झाड. आयुर्वेदाच्या एका डॉक्टरांनी फोनवर चार-पाच मिनिटं बोलून चिठ्ठी दिली, बाटली कुरिअरनं आली. जिभेखाली पाच थेंब, दोन वेळा. आत्या झोपू लागली. पण कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाताना बाटली पर्सच्या तळाशी, रुमालाखाली. "त्यांना कशाला सांगायचं? रागावतील."

डॉक्टरांनीही कधी विचारलं नाही, आणि गेले काही महिने मला छळतंय ते हेच. पायात गुठळी झाल्यामुळे आत्या रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेत होती. गांजातलं सीबीडी हे द्रव्य यकृतातली जी विकरं मंदावतं, त्यातलीच काही वॉर्फरिनचा निचरा करतात. निचरा मंदावला की रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं. आकडीसाठी क्लोबाझाम घेणाऱ्या मुलाला सीबीडी दिलं, तर क्लोबाझामचा अंमल वाढून मूल गुंगीत राहू शकतं. औषधशास्त्रात हे नोंदलेलं आहे. केसपेपरवर बाटलीची नोंदच नसेल, तर त्या ज्ञानाचा रुग्णाला काय उपयोग?

डॉक्टरांवर खापर फोडून मी मोकळा होणार नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला गांजा भेटतो तो न्यायवैद्यकात, विषांच्या प्रकरणात, धोतऱ्याच्या शेजारी. पुन्हा भेटतो मानसोपचारात, व्यसन म्हणून. तिथे शिकवतात ते खोटं नाही. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्यांना गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो. पण आपल्या मेंदूतही गांजासारखं काम करणारं एक रसायन असतं. १९९२ मध्ये जेरुसलेमला राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि संस्कृतातल्या 'आनंद'वरून त्याचं नाव 'आनंदामाइड' ठेवलं गेलं. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वातावर आणि तान्ह्या बाळाच्या झटक्यांवर हे झाड वापरून निरीक्षणं लिहून ठेवली होती. या गोष्टी वर्गात रंगवून सांगायला हव्यात.

त्यात कायद्याचा धाक. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांवरच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचापायी मॉर्फिनसुद्धा रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसं झालं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, तरी कळवळणाऱ्या रुग्णापुढे मॉर्फिन लिहिताना अजून हात आखडतात. ते हात गांजाकडे कुठून वळणार?

कायदा बदलला की मन बदलतं, असंही नाही. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना गांजाची औषधं लिहून द्यायची मुभा मिळाली. सरकारी सेवेत ती अगदी मोजक्या रुग्णांपर्यंत पोचली. पुरावा अपुरा आहे, हे तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांत शुद्ध सीबीडीचा उपयोग चाचण्यांत दिसला, अमेरिकेनं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. केमोनंतरच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, इथेही आधार आहे. जुनाट दुखण्यासाठी मात्र तो तोकडा पडतो. म्हणून गांजा लिहून द्या, असा माझा हट्ट नाही. "आणखी काय घेता?" एवढं विचारा, आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठी घालू नका.

मागच्या मंगळवारी आत्याबरोबर मी गेलो. मोठे डॉक्टर आत ऑपरेशनला होते. समोर निवासी डॉक्टर, पंचविशीतली मुलगी. मी आत्याकडे पाहिलं. तिनं रुमाल बाजूला केला आणि बाटली टेबलावर ठेवली. मुलीनं लेबल दोनदा वाचलं. नशा आणणारं टीएचसी किती, सीबीडी किती, काहीच छापलेलं नव्हतं. "आजी, कधीपासून घेताय?" तिनं विचारलं. आत्यानं सांगितलेला महिना केसपेपरवर लिहिला, थेंब लिहिले, आणि रक्त किती पातळ झालंय ते पाहायला त्याच दिवशीची तपासणी लिहून दिली.