शिक्षा बापाला, ताटातूट लेकीची



रशियातील येफ्रेमोव शहरातल्या बापलेकीच्या प्रकरणात ‘शिक्षा बापाच्या समाजमाध्यमांवरील मजकुराला झाली, मुलीच्या चित्राला नव्हे’, असा युक्तिवाद आपल्या वाचकाने केला आहे. आरोपपत्रापुरते ते खरे आहे. पण घटनाक्रम पाहा. एप्रिल २०२२मध्ये सहावीतल्या या मुलीने शाळेत युद्धविरोधी चित्र काढले, शाळेने पोलिसांना कळवले आणि त्यानंतरच तिला एकट्याने वाढवणाऱ्या वडिलांच्या जुन्या नोंदी उकरल्या गेल्या. आधी ३२ हजार रूबल दंड, मग फौजदारी खटला. १ मार्च २०२३ रोजी वडील नजरकैदेत गेले, मुलगी सरकारी आश्रयगृहात; त्यांचे पालकत्वाचे हक्क मर्यादित करण्यासाठी दावाही दाखल झाला. दोन वर्षांच्या कैदेचा निकाल लागला तो २८ मार्चला. म्हणजे दोष ठरण्याआधीच लेकीची ताटातूट झाली होती.

युद्धकाळात प्रत्येक राज्यसंस्था कठोर होते, हा त्या वाचकाचा दुसरा मुद्दा. तो मान्य केला तरी कठोरपणा बोलणाऱ्यापाशी थांबायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचे दुसरे कलम सांगते, की पालकांनी व्यक्त केलेल्या मतांसाठी मुलाला शिक्षा होता कामा नये. हा करार रशियावरही बंधनकारक आहे. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांना फेब्रुवारी १९४३मध्ये मारल्यावर नाझींनी त्यांच्या आईवडिलांना व बहिणींनाही अटक केली होती. हेतू तेव्हाही हाच होता: स्वतःच्या तुरुंगवासाला न भिणारा माणूस घरच्यांच्या काळजीने तरी गप्प बसावा.

— एक वाचक