माशांच्या नावचे पाणी

"माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे निघाले माशांना पाजायला!" धरणातून माशांसाठी पाणी सोडायचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात तर ते पटण्याजोगेही वाटते. मुलूख कोरडा, आणि 2022-23 मध्ये मीड आणि पॉवेल हे नदीवरचे दोन सर्वांत मोठे जलाशय भरल्यापासूनच्या नीचांकाला गेलेले. तेव्हा हा पूर्वपक्ष टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. पण त्याचा पायाच चुकला आहे.

पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो ते कळत नाही, असे कौटिल्य म्हणाला, ते सरकारी नोकरांविषयी. इथला मासा खरोखरच काही पीत नाही. कोलोरॅडो राज्यात पॅलिसेड गावाजवळ बंधारे आहेत. तिथून पीचच्या बागांना आणि शेतांना कालवे निघतात. तिथपासून गनिसन नदीच्या संगमापर्यंत पंधरा मैलांचा पट्टा उन्हाळा सरता सरता आटायला लागतो. धरणांतून जादा पाणी सोडतात ते या पट्ट्यासाठी. त्यांतल्या रुडी धरणातून निघताना ते पायथ्याच्या संचातून वीज देऊन जाते, पंधरा मैल माशांच्या अंगावरून वाहते आणि पुढे पॉवेल जलाशयाकडे जाते. 1922 च्या पाणीवाटप करारानुसार खालच्या राज्यांसाठी दर दहा वर्षांत साडेसात कोटी एकर-फूट पाणी पुढे जायलाच हवे. हे पाणी त्याच हिशेबात धरले जाते. मग वाया गेले ते कुठे?

आणि किती पाणी? पाणीवापरकर्त्यांनी या पट्ट्यासाठी कायमचे कबूल केले ते दरवर्षी 10,825 एकर-फूट. आपल्या भाषेत अर्धा टीएमसीसुद्धा नाही, म्हणजे खडकवासल्याचा जेमतेम पाव हिस्सा. याखेरीज शेतीची गरज भागून उरलेले पाणीही सोडतात. एवढे करून कोरड्या वर्षी उन्हाळ्याअखेरचे उद्दिष्ट आहे 810 क्युसेक. मुठेच्या पुराच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा वाचून हसू येईल.

शेतकऱ्याचे यात नुकसान झाले म्हणावे, तर तेही खरे नाही. 1988 पासून राज्ये, केंद्र सरकार, पाणीवापरकर्ते आणि पर्यावरणवाले एकाच कार्यक्रमात बांधलेले आहेत. त्याच्या छत्राखाली अडीच हजारांहून अधिक जलप्रकल्प संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याच्या कचाट्यातून सुटले. नाहीतर प्रत्येकाला आपापल्या पाण्यासाठी वेगळी परवानगी काढत बसावे लागले असते. पाव खडकवासल्यात एवढे मिळत असेल तर सौदा महाग नव्हे.

"पण हे मासे कोणाच्या कामाचे?" हा दुसरा आक्षेप, आणि याचा मला खरा राग येतो. यांतला पाइकमिनो हा मासा एके काळी सहा फुटांपर्यंत वाढे. जुने वसाहतकरी त्याला पांढरा सामन म्हणत आणि खात. तो निकामी ठरला तो सरकारी कागदावर. सप्टेंबर 1962 मध्ये फ्लेमिंग गॉर्ज धरणाची दारे मिटण्याआधी कोलोरॅडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीत आणि तिच्या उपनद्यांत, शेकडो मैल, रोटेनोन नावाचे विष मुद्दाम ओतले गेले. बाहेरून आणायच्या ट्राउटला जागा हवी होती म्हणून! विष ठरवलेल्या हद्दीपलीकडे डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकापर्यंत वाहत गेले. ज्यांना आपण मारले त्यांना पाणी द्यायला आता उपकाराची भाषा कशाला?

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. पाणी सोडूनही त्या पंधरा मैलांच्या पट्ट्यातला पाइकमिनो सावरलेला नाही. नदीत स्मॉलमाउथ बास, नॉर्दर्न पाइक अशा परक्या शिकारी माशांचे लोंढे आहेत. ते पिल्ले गट्ट करतात. पण यावरून पाणी सोडणे व्यर्थ ठरत नाही. व्यर्थ ठरते ते नुसते नळ उघडल्यासारखे सोडणे. 2024 च्या उन्हाळ्यात ग्लेन कॅनियन धरणातून खोलवरचे गार पाणी टर्बाइन टाळून सोडले गेले, खालची नदी बासला वीण घालण्याइतकी उबदार राहू नये म्हणून. विजेचे नुकसान झाले, ते लपवायचे कारण नाही. ग्रँड कॅनियनमधल्या हंपबॅक चब या मूळच्या माशासाठी ती किंमत मोजली गेली.

आणि कधी कधी किंमत फारशी पडतही नाही. फ्लेमिंग गॉर्जमधून वसंतात मोठा विसर्ग पूर्वीही होत असे, पण बर्फ वितळण्याच्या मुहूर्तावर. रेझरबॅक सकर या माशाची पिल्ले त्यानंतर जन्मायची, तोवर काठची पाणथळ तळी नदीपासून तुटलेली असायची. 2012 पासून नियम उलटा केला: जीवशास्त्रज्ञांच्या जाळ्यात पहिली पिल्ले दिसली की मग दारे उघडायची. पूर त्यांना स्टुअर्ट लेकसारख्या तळ्यांत नेऊन सोडतो, शिकाऱ्यांपासून दूर. मोठी झाली की शरदात ती नदीत परततात. पाणी जवळपास तेवढेच. बदलली ती तारीख.