कापलेला पैसा कुणाचा?

जून-जुलै आला की नोकरीला नव्याने लागलेल्या आपल्या मुलांची गडबड सुरू होते. कुणी म्हणते आयकराचे विवरणपत्र भर, कुणी म्हणते तुझा पगार तो केवढा, तुला काय करायचे आहे? घरात आधी कुणी हे कागद पाहिलेले नसतात. वडील हमाली करणारे, आई दुसऱ्याच्या शेतात राबणारी. विचारायचे कुणाला? म्हणून या वेळी आम्ही दोन तरुणांचे प्रश्न घेतले आहेत. एक नांदेडचा, दुसरा लातूरचा.

नांदेडचा तरुण कंत्राटदारामार्फत संगणकावर काम करतो. ठरलेले महिना १८,००० रुपये, हातात येतात १६,२००. कंत्राटदार म्हणतो, 'टीडीएस कापला.' लातूरचा तरुण एमआयडीसीत कामाला आहे. पगार २४,०००, त्यातून दरमहा २०० रुपये कापले जातात. नांदेडच्याला वाटते, आपण गरीब माणसे, आपला आयकराशी संबंध नाही. लातूरच्याला वाटते, आपला आयकर दरमहा भरला जातोच. दोघांचाही समज चुकीचा आहे.

आधी लातूरचे पाहू. त्याचे २०० रुपये आयकराचे नाहीत. तो राज्य सरकारचा व्यवसाय कर आहे. फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० होतात. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी आया-आज्यांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली आणि त्या मजुरीवर लेकरे जगवली. त्या कामाच्या हमीला शहरातल्या पगारदारांनी पैसा द्यावा, असा हा विचार होता. ज्या घराने ती मजुरी घेतली, त्या घरचा नातू आज तो कर भरतो आहे. त्याने पगाराच्या पावतीवरची ही ओळ मान खाली घालून वाचू नये.

आता आयकर. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीप्रमाणे पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य आहे. पण कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको, असे नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की कर लागो न लागो, विवरणपत्र भरावे लागते. कर भरणे वेगळे आणि विवरणपत्र भरणे वेगळे. विवरणपत्र म्हणजे आपण सरकारपुढे मांडलेला आपला हिशेब. लातूरच्या तरुणाचे वर्षाचे उत्पन्न २,८८,००० आहे. त्याच्यावर तशी सक्ती नाही. तरी बँका कर्ज देताना मागील विवरणपत्रे मागतात, हे त्याने ध्यानात ठेवावे.

नांदेडच्या तरुणाची गोष्ट निराळी. त्याचे वर्षाचे २१,६०० रुपये कापले गेले. त्याचे सगळे उत्पन्नच २,१६,०००, म्हणजे त्याला कर शून्य. मग हे २१,६०० कुणाचे? त्याचेच! पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत मिळत नाहीत. आधी त्याने आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅन क्रमांकाने 'वार्षिक माहिती विवरण' उघडून पाहावे. कापलेला पैसा तिथे दिसला पाहिजे. दिसत नसेल तर कंत्राटदाराने तो आपल्या नावावर भरलेला नाही, असे समजून त्याला जाब विचारावा. शेकडा १० कापले आहेत, त्याअर्थी बहुधा हे पैसे पगार म्हणून नव्हे, फी म्हणून दाखवले असावेत. तसे असेल तर पगारदारांचा 'सहज' अर्ज चालणार नाही. 'सुगम' किंवा दुसरा अर्ज लागेल. इथे जाणत्या माणसाला विचारावे.

त्याची आई मात्र घाबरली आहे. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० तिला मिळतात. घरात आयकर भरणारा असेल तर लाभ नाही, असा नियम तिने ऐकला आहे. माउलीची भीती खोटी नाही, तसा नियम आहे. पण त्याच योजनेत कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, अशीही अट आहे. उत्पन्न जे आहे ते आहे. विवरणपत्र न भरल्याने ते लपत नाही, कारण कापलेल्या पैशाची नोंद पॅनवर होते. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांची कमाई एका कागदावर मांडावी, अट पाहावी आणि जे खरे असेल ते लिहावे. वर्षाचे १८,००० जातील या धास्तीने आपल्याच घामाचे २१,६०० सोडून देणे हा कुठला हिशेब?

आणखी एक सांगणे आहे. 'जास्त परतावा काढून देतो, मला हिस्सा दे,' म्हणणारे दलाल गावोगाव आहेत. ते न भरलेला विमा, न दिलेली देणगी दाखवतात. पुढे नोटीस येते ती दलालाला नव्हे, आपल्याला येते. मोबाईल क्रमांक आणि बँक खाते आपलेच द्यावे, ओटीपी कुणाला सांगू नये. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावी, नाहीतर भरलेले न भरल्यासारखे होते.

कर हा पैसेवाल्यांचा विषय आहे, असे समजू नका. मोबाईलच्या रिचार्जवर आपण शेकडा १८ जीएसटी देतोच. सरकारचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, याचा अभ्यास बाबासाहेबांनी केला. प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला. त्यांच्या लेकरांनी स्वतःच्या पावतीला भ्यावे काय?

वाणिज्य शाखेत शिकलेली मुले-मुली आता आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांनी जुलै संपेपर्यंत दर रविवारी विहारात तासभर बसावे. नव्याने कामाला लागलेल्यांनी पॅन, आधार, बँकेचे पुस्तक आणि पगाराच्या पावत्या घेऊन यावे. सोबत आईलाही आणावे. हिशेब तिच्यासमोर झाला तर तिची धास्ती तिथेच फिटेल.

जयभीम!