कपात तिकडची, झळ इकडची

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यावर आपल्यातलेच काही म्हणतात, “आपण आर्ट्सवाले. संगणकवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या तर आपले काय जाते?” या प्रश्नासाठीच हा लेखप्रपंच.

महाड-पोलादपूरच्या माणसाची नोकरी बहुधा महाड-पोलादपुरात नसतेच. ती मुंबईत असते. आता पुण्यात आणि नवी मुंबईतही असते. भातशेती चार महिन्यांची, बाकीचे वर्ष चाकरमान्याच्या पैशावर निघते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मुंबईत झाला, पण मनीऑर्डर थांबली ती कोकणातल्या खेड्यांत! हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही.

आज काय वेगळे घडते? शहरातला पगार थांबला की गावातल्या घराचा स्लॅब राहतो. मग गवंडी आणि सुतार बसून राहतात, सिमेंटवाल्याची उधारी वाढते. शिवाय बेकार इंजिनिअर स्वस्थ बसू शकत नाही. तो पदवीधराच्या जागेसाठी अर्ज करतो, पदवीधर बारावीच्या जागेवर उतरतो आणि बारावीवाला कंत्राटी हेल्पर होतो. सर्वांत खालच्याने कोठे उतरावे? महाडच्या एम.आय.डी.सी.तील रासायनिक कारखान्यांना केमिस्ट्रीवाले आणि आय.टी.आय.वाले हवेत. आम्हां बी.ए.वाल्यांना उरली स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरती. त्या रांगेतही इंजिनिअर उभा आहेच.

फावडे धरणाऱ्या हातांसाठी महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. पदवी धरणाऱ्या हातांना कसली हमी आहे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरची माणसे पदवीलाच हमी समजतात. त्यांना काय सांगावे?

इंजिनिअरला दोष देऊन भागणार नाही. तोही आपल्याच वाडीतला. मात्र एक काम आपल्या हातचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात मोजणी करावी. यंदा नोकरी जाऊन कितीजण परतले, त्यांना कोणते काम येते आणि आसपास कोणत्या जागा निघाल्या, याची यादी कॉलेजच्या फलकावर लागावी. प्राध्यापकांनी ती आमदारांपुढे आणि कारखानदारांपुढे ठेवावी. दुखणे किती आहे हे सांगता आले नाही, तर औषध कोणत्या तोंडाने मागणार?